मनाली–लेह सायकलवर, ऑगस्टअखेर: दहा दिवसांचा कार्यक्रम आणि दोन सायकली तपासून द्या

खडीसाखर

नमस्कार मंडळी,

२४ ऑगस्टला मनालीहून सुरू होणाऱ्या गाइडेड सफरीत दोन जागा घेतल्या आहेत. मी ३९, नवरा ४४, मुक्काम पोस्ट पुणे. अर्धे पैसे भरलेत, उरलेले जुलैत भरायचे आहेत. आयोजकाची बॅकअप गाडी, स्वयंपाकी, तंबू आणि एक मेकॅनिक सोबत असतील. सामान गाडीत, पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट. कार्यक्रम असा आला आहे:

दिवस १: मनालीत पोचणे, सायकली जोडणे
दिवस २: मनाली ते मढी
दिवस ३: मढी, रोहतांग, सिस्सू
दिवस ४: सिस्सू ते जिस्पा
दिवस ५: जिस्पा, बारालाचा, सरचू
दिवस ६: सरचू, गाटा लूप्स, पांग
दिवस ७: पांग ते डेब्रिंग
दिवस ८: डेब्रिंग, तांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड), रुमत्से
दिवस ९: रुमत्से ते लेह
दिवस १०: खारदुंग ला आणि परत लेह

प्रश्न:
१) हा कार्यक्रम ठीक आहे का?
२) माझी २७.५ इंची चाकांची हार्डटेल (शॉक फक्त पुढे), पुढे तीन मागे आठ गिअर, केबलचे डिस्क ब्रेक. नवऱ्याची २९, पुढे ३४ दातांची एकच चकती, मागे ११ ते ४२ दातांच्या, हायड्रॉलिक ब्रेक. याच न्यायच्या की तिथे भाड्याने घ्यायच्या?
३) आठवड्याला ८०–१०० किमी होतात, महिन्यातून एकदा सिंहगड, न उतरता. आता मे संपत आलाय. पुढचे तीन महिने काय करावं?
४) उंचीच्या आजारावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का? आमच्या ग्रूपवर निम्मे लोक म्हणतात घ्या, निम्मे म्हणतात कापूर हुंगा.

---

घाटवळण

कार्यक्रमात किलोमीटर बघू नका, मुक्कामाची उंची बघा. दिवसा कितीही वर जाऊन आलात तरी शरीर हिशोब ठेवतं ते झोपता कुठे याचा. तुमचा तक्ता त्या नजरेने मांडला तर: मनाली २,०५० मीटर, मढी ३,३६०, सिस्सू ३,१००, जिस्पा ३,२००, सरचू ४,२९०, पांग ४,६००, डेब्रिंग ४,६५० च्या आसपास, रुमत्से ४,१५० च्या आसपास, लेह ३,५००.

३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावं, हा सर्वमान्य नियम. आता पाचवा दिवस बघा. जिस्पा ते सरचू, एका दमात १,०९० मीटर. तेही ऐंशीवर किलोमीटर आणि ४,८९० मीटरचा बारालाचा ओलांडून. या रस्त्यावर लोक आजारी पडतात ते बहुतेक याच रात्री, आणि त्यात पायांचा काही दोष नसतो.

सरचूची खरी गोम वेगळी आहे. उंचीच्या आजारावर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. सरचूहून खाली उतरायलाच जागा नाही. मागे जायचं तर बारालाचा चढायचा, पुढे जायचं तर नकी ला (४,७४० च्या आसपास) आणि लाचुंग ला (५,०६० च्या आसपास). पांग त्याहून वाईट, कारण पुढे मोरे मैदान ४,७०० वर आणि त्याच्या टोकाला ५,३२८ मीटरचा तांगलांग ला. म्हणजे पेशंटला खाली न्यायचा तर आधी वर न्यावा लागतो, गाडीत घालून, ऑक्सिजन लावून. म्हणून त्या दोन रात्रींच्या आधी शरीर तयार हवं.

उपाय सोपा आहे. जिस्पाला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी रिकाम्या पाठीने दारचामार्गे दीपक तालपर्यंत चढून जेवायला परत या. पुढचा मुक्काम पटसेवला, ३,८०० वर. तिथून सरचू म्हणजे ४९० मीटरची वाढ, नियमात बसते. दहाव्या दिवसाचा खारदुंग ला सरळ काढून टाका. तो फोटोसाठी आहे, शिवाय वर्षानुवर्षे मिरवली गेलेली ५,६०२ मीटर ही त्याची उंची खरी नाही. मोजमापांत ती ५,३५९ च्या आसपास येते. तांगलांग ला तुमच्या वाटेत आहेच, तो जवळपास तेवढाच. एवढं करून एकच दिवस वाढतो. मनालीतही मला एक मोकळा दिवस आवडेल, सोलांगपर्यंत जाऊन यायला, पण पैसे एकाच दिवसाचे असतील तर तो जिस्पाला द्या.

वेळेबद्दल. बारालाचाच्या अलीकडे झिंगझिंगबार लागतं, तिथले नाले बर्फाच्या पाण्याचे. सकाळी घोट्याएवढे असतात, दुपारी ऊन लागून वरचं वितळलं की गुडघ्यापर्यंत येतात आणि तळाचे दगड हलायला लागतात. त्यामुळे नाले सकाळी दहाच्या आत. मोरे मैदानावर उलट अडचण: रस्ता सपाट, डांबर बरं, आणि दुपारनंतर समोरून वारा. चाळीस किलोमीटर सपाटी बघून लोक नाश्ता लांबवतात आणि मग ताशी आठच्या वेगाने रडत जातात. पांगहून सहाला निघा.

सराव. या रस्त्याचे चढ लांब आहेत, उभे नाहीत. बहुतेक ठिकाणी ४ ते ६ टक्के. त्याला सगळ्यात जवळचा आपल्याकडचा घाट म्हणजे वाईचा पसरणी: वाई ७१८ मीटर, पाचगणी १,२९३, अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. सिंहगड त्याहून चढा आहे, ताकदीला चांगला, पण तिथे जी झटापट होते ती लडाखात उपयोगाची नाही. मनाली ते रोहतांग ५१ किलोमीटरमध्ये १,९३० मीटर आहे, तुम्ही तो दोन दिवसांत करणार. म्हणजे दिवसाला १,००० ते १,२०० मीटर चढ सलग दोन-तीन दिवस, हे लक्ष्य.

जूनमध्ये आठवड्यात दोनदा तासाभराची सायकल आणि रविवारी एक पसरणी. जुलैत शनिवारी पसरणी दोनदा, रविवारी थकलेल्या पायांनी ५०–६० किमी. ऑगस्टच्या पहिल्या दोन शनिवार-रविवारांना दोन्ही दिवस १,१०० मीटर. शेवटचे दहा दिवस हलकं. बोलता येईल इतक्याच दमाने चढायचं. वाक्य तुटायला लागलं की गिअर खाली. पुण्याची उंची ५६० मीटर, त्यामुळे इथे काहीही केलं तरी विरळ हवेची सवय होणार नाही. सरावाने एवढंच होतं की त्या दिवशी तुम्ही कमी जोर लावून तेच अंतर काटता.

पावसात उतार उतरायचा सराव नक्की करा. तो कुणी करत नाही.

---

पानापकड

सायकली स्वतःच्याच न्या. भाड्याच्या सायकलींत चांगल्याही असतात, पण खोगिराची उंची, हँडलची पोहोच, ब्रेकच्या दांड्या यांची सवय दहा दिवसांत होत नाही, आणि बुडाला खोगिराची सवय असणं हा अर्धा प्रवास आहे.

आता गंमत बघा. गिअरच्या बाबतीत वहिनींची जुनी सायकल नवऱ्याच्या सायकलीपेक्षा सरस आहे. दात मोजा: पुढची लहान चकती बहुधा २२, मागची मोठी ३२. भागाकार ०.६९. मिनिटाला ६० पायडल मारले तर वेग ताशी साडेपाच किलोमीटर. नवऱ्याचं ३४ भागिले ४२, म्हणजे ०.८१, २९ च्या चाकावर तेवढ्याच पायडलला ताशी ६.७. त्याच्या खाली गेलं की पाय अडखळायला लागतात, आणि ५,००० मीटरवर वेग त्याच्या खालीच जातो.

का, ते असं. माणूस, सायकल, पाणी मिळून ९५ किलो धरा. ५ टक्के चढावर ताशी सहाने जायला साधारण १०० वॅट लागतात. पुण्यात हे काहीच नाही. पण १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला क्षमता साधारण एक टक्क्याने घटते. तांगलांग लावर एक तृतीयांशाहून जास्त गेलेली असते. तेव्हा १०० वॅटही तासभर टिकवणं जड जातं.

म्हणून नवऱ्याच्या क्रँकला (पायडलच्या दांड्यांना) ३० दातांची चकती बसते का ते दुकानात विचारा. बसली तर ०.७१, नाहीतर ३२ तरी घाला. ३४ वरून ३० वर आलात तर चेन दोन कड्यांनी आखूड करावी लागेल, तेवढं तपासून घ्या. हे काम ऑगस्टमध्ये नाही, आत्ता, म्हणजे सरावातच सवय होईल.

ब्रेक. इथे काटकसर नको. रोहतांगच्या दोन्ही बाजूंना ऑगस्टअखेर चिखल असतोच. पातळ चिखल, त्यात बारीक रेती. ती पॅड आणि डिस्कच्या मध्ये सॅंडपेपरसारखी काम करते; मऊ रेझिनचा पॅड अशा एका ओल्या उतारात संपू शकतो. धातूमिश्रित पॅड टिकतात, थोडे ओरडतात, आणि गरम झाले तरी पकड सोडत नाहीत. पण घालण्यापूर्वी डिस्कवर कोरलेली अक्षरं वाचा. शिमानोच्या स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलेलं असतं. तसं असेल तर धातूचे पॅड ती डिस्क खाऊन टाकतात. मग एकतर डिस्क बदला किंवा रेझिनचेच जास्त जोड न्या. दोन्ही चाकांसाठी प्रत्येकी एक नवा जोड बसवून आणि एक पिशवीत. पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या खाली आला की फेकायचा.

केबलच्या ब्रेकला वेगळी खोड आहे: पॅड झिजला की दांडी हँडलपर्यंत येते, आपोआप भरून येत नाही. बहुतेक कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या चिमट्यात) चाकाच्या बाजूचा पॅड स्थिर असतो आणि त्याला वेगळा स्क्रू असतो. दर संध्याकाळी तो एखादा खटका वळवून पॅड डिस्कजवळ आणायचा, मग बाहेरच्या बाजूची केबल ताणायची. फक्त केबलच ओढत राहिलात तर डिस्क एका बाजूला वाकून घासते. हायड्रॉलिकचं तेल निघण्यापूर्वी बदलून, हवा काढून घ्या. शिमानोला मिनरल तेल, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकला डॉट. अदलाबदल झाली की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक गेला.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग: मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाचा) हँगर. सायकल उजव्या कुशीवर पडली किंवा गाडीच्या टपावर आडवी दाबली गेली की हा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा वाकतो. तो मोडण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. केलाँगमध्येच काय, मनालीतही तुमचा मिळेल याची खात्री नाही. आत्ता मागवा, प्रत्येकी एक.

बाकी स्वतःजवळ प्रत्येकी: दोन ट्यूब, छोटा पंप, टायर लिव्हर, टी-२५ असलेला मल्टीटूल, चेनचे दोन क्विक लिंक, गिअरची एक आतली केबल, जुन्या टायरचा चार बोटं रुंद तुकडा (टायरची कड फाटली तर आतून लावायला), झिप टाय, थोडी डक्ट टेप. मेकॅनिककडे असेलच म्हणू नका, तो बहुधा ग्रूपच्या शेवटी असतो आणि तुम्ही पुढे. चेन मोजपट्टीने मोजा: आठ-दहा गिअरला झीज ०.७५ टक्क्यांच्या आत हवी. जास्त असेल तर आत्ता बदला आणि कॅसेट (मागच्या चकत्या) नव्या चेनवर घसरते का ते घाटात बघा, मोरे मैदानावर नको.

टायरमधली हवा. मनालीत ३२ पीएसआय भरलीत तर तांगलांग लावर मापक ३५–३६ दाखवेल. आतली हवा वाढलेली नसते, बाहेरचा दाब उतरलेला असतो. थंडीने त्यातले एक-दोन परत जातात. हवा सोडून देऊ नका. लेहच्या बाजूला उतरल्यावर टायर मऊ पडून दगडावर ट्यूब चिमटते.

पायडल सपाटच. क्लीटमध्ये, म्हणजे बूट पायडलला अडकवायच्या पट्टीत, चिखल भरतो, आणि नाल्यात चालावं लागतं.

---

वैद्यबुवा

आधी कापूर. कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन कणभरही वाढत नाही. वड्यांची पुरचुंडी गळ्यात घाला, मनाला बरं वाटेल. पण पोटात गेला तर विषारी आहे; तंबूत खडीसाखरेशेजारी ठेवू नका. (आयडीवर रोख नाही.)

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. पाचव्या दिवसाची हजार मीटरची उडी तशीच ठेवणार असाल तर घेण्यात शहाणपण आहे. घाटवळण यांनी सांगितल्याप्रमाणे जिस्पा आणि पटसेव केलंत तर निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारल्याशिवाय नाही. घरी सुट्टीच्या दिवशी एक-दोन मात्रा घेऊन बघा, म्हणजे बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि वारंवार लघवी हे औषधाचं आहे हे कळेल आणि तिथे घाबरणार नाही. सोडा बेचव लागतो, तेही त्याचंच.

लक्षणं दोघांनी पाठ करा, कारण ज्याला होतं त्याला ते पटत नाही. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गरगरणं किंवा अवाजवी थकवा यांपैकी काहीही: हा उंचीचा आजारच धरायचा, उलट सिद्ध होईपर्यंत. त्या रात्री आणखी वर जायचं नाही. पॅरासिटामॉल चालेल. झोपेची गोळी आणि दारू नाही.

दोन गोष्टींना थांबायचं नाही. एक, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा टाच-अंगठा जोडत सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नाहीत: मेंदूला सूज. दोन, बसल्या जागी धाप, आडवं झालं की वाढणारा खोकला, छातीत घरघर: फुप्फुसात पाणी. दोन्हींत ताबडतोब ऑक्सिजन आणि खाली, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य इथे जीव घेतं. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही औषधं गाइडच्या पेटीत आहेत का आणि ती कधी द्यायची हे त्याला येतं का, लेखी विचारा. पांगला लष्कराचा मुक्काम-तळ आहे, अडल्यावेळी तिथे प्राथमिक उपचार मिळतात, पण ते आपल्या नियोजनाचा भाग समजू नये.

बोटावर लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा डोक्यात घेऊ नका. गार बोटावर तो काहीही दाखवतो, आणि सरचूला पहिल्या दिवशी ८० ते ८८ दिसणं नेहमीचं. ९५ वर आणायच्या नादात लोक रात्रभर जागतात. आकडा सोबत्यांपेक्षा बराच कमी आणि लक्षणंही आहेत, तरच अर्थ.

पाणी भरपूर प्या म्हणजे आजार होत नाही, हाही गैरसमज. तहानेप्रमाणे, दिवसाला तीन-चार लिटर, त्यात दोन पाकिटं ओआरएस. नुसतं साधं पाणी सहा-सात लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि त्याचीही डोकेदुखीच होते. मग ओळखायचं कसं?

जाण्यापूर्वी दोघांचं हिमोग्लोबिन, आणि ताईंचं फेरिटिनही, जूनमध्येच बघा. लोह कमी निघालं तर भरून यायला आठवडे लागतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कुठली ते डॉक्टरांना सांगून जा. काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, काही लघवी वाढवतात.

---

खडीसाखर

सर्वांचे मनापासून आभार. आयोजकाला फोन केला. म्हणाला, पटसेवऐवजी झिंगझिंगबारला थांबवतो, तिथे ढाबे आहेत, ‘मधलाच मुक्काम’ आहे. ऑक्सिजनबद्दल विचारलं तर म्हणाला, आहेत की, सहा कॅन. फोन लागतो का यावर ‘मॅनेज होतं’ असं उत्तर. आणि कपडे-खाण्याबद्दल कुणी सांगेल का?

---

घाटवळण

झिंगझिंगबार नकाशावर मध्ये आहे, उंचीत नाही. ४,२७० मीटर. सरचूपेक्षा जेमतेम वीस मीटर खाली. जिस्पाहून ती उडी तेवढीच हजाराची. एकच फायदा: त्रास झाला तर खिंड न ओलांडता दारचाला परत उतरता येतं. जिस्पाला दोन रात्री मिळाल्या आणि पटसेव अगदीच नाही जमलं तर नाइलाज म्हणून चालेल. पण तंबू त्याचे, स्वयंपाकी त्याचा, मग ढाबा कशाला हवा? पटसेवचा आग्रह धरा.

सहा कॅनचं गणित त्याच्यासमोर मांडा. बाजारात मिळणाऱ्या कॅनमध्ये साधारण दहा लिटर वायू. मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटं. सहा कॅन म्हणजे अर्धा तास, आणि पांगहून लेह १७०-१७५ किलोमीटर, गाडीने पाच तास तरी. हवा तो दवाखान्यातला बी-टाइप सिलिंडर, १,५०० लिटरचा; दोन लिटरने बारा तास, चार लिटरने सहा. असे दोन, सोबत रेग्युलेटर, मास्क आणि सिलिंडर उघडायची किल्ली. किल्लीचं मुद्दाम लिहिलं. सिलिंडर असतो, किल्ली मनालीत राहते. पहिल्या संध्याकाळी त्याला तो तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा.

फोन: दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही. दोघांपैकी एक तरी पोस्टपेड करा. तरी दारचाच्या पुढे बराच पट्टा मुका आहे. उपग्रहावर चालणारे फोन किंवा संदेशयंत्र परदेशातल्या नातेवाइकाने दिलं असेल तर घरी ठेवा. परवानगीशिवाय ते भारतात बेकायदा आहे, विमानतळावरच अडकाल. म्हणून मी विचारेन तो प्रश्न हा: मुक्या पट्ट्यात बॅकअप गाडी कायम शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे असते, की पुढे जाऊन तंबू ठोकते? गाडी एकच असेल तर दोन्ही कामं होत नाहीत. दोन गाड्या असल्याशिवाय उरलेले पैसे भरू नका.

विम्याच्या कागदावर सायकलिंग हा शब्द आणि उंचीची मर्यादा शोधा. बऱ्याच पॉलिस्या ४,००० किंवा ५,००० मीटरला संपतात.

---

रानजाई

कपड्यांचं सूत्र: चढताना घाम, उतरताना गारठा, आणि मध्ये थांबायला पाच मिनिटं. खिंडीवर पोचलात की फोटोच्या आधी विंडचीटर आणि जाड हातमोजे. नंतर घालू म्हटलं की बोटं बधिर होतात आणि झिप लागत नाही, ब्रेक तर दूरच. बारालाचाहून सरचूकडे पस्तीस किलोमीटरच्या आसपास उतारच आहे.

सुती बनियन एकही नको. अंगालगत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक दोन, वर जर्सी, पाऊस अडवणारं जॅकेट (रोहतांगपर्यंत पावसाळाच असतो, बारालाचाच्या पुढे क्वचित लागतो), आणि तळावर घालायला पिसांचं जॅकेट. ते बॅकअप गाडीत खाली नाही, वरच ठेवायला सांगा. पूर्ण बोटांचे हातमोजे दोन जोड. ओल्यासाठी भांडी घासायचे रबरी मोजे वरून चढवा, विनोदी दिसतं, काम चोख करतं. नाल्यासाठी सॅंडल. बूट भिजलेच तर कोरडे मोजे, त्यावर ब्रेडची रिकामी पिशवी, मग बूट.

पॅडच्या चड्ड्या प्रत्येकी तीन, आत अंतर्वस्त्र नाही. रोज धुवा, कोरड्या हवेत रात्रीत वाळतात. क्रीम पहिल्या दिवसापासून. घासलं गेल्यावर लावून उपयोग नाही. ताई, मोरे मैदानावर आडोसा म्हणून एक झुडूपही नाही. मोठा ओढणीसारखा पंचा किंवा घेरदार स्कर्ट हँडलबॅगेत ठेवा. उंचीवर पाळी पुढे-मागे होते, तारीख नसली तरी सामान न्या, आणि वापरलेलं सगळं घट्ट पिशवीत परत लेहपर्यंत.

उन्हाचं सगळे कमी लेखतात. एसपीएफ ५० दर दोन तासांनी, नाकपुड्यांच्या खालीही, कारण बर्फावरून आणि वाळूवरून ऊन खालून येतं. ओठांना वेगळं.

खाणं: सायकलवर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. चार-पाच खजूर म्हणजे तीसच्या आसपास. गूळ-शेंगदाण्याची चिक्की चालते, पण थंडीत दगड होते, दाताचं कॅप निघेल. घरीच छोटे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. राजगिऱ्याची वडी त्यापेक्षा बरी. वर गेल्यावर गोड नको होतं, तेव्हा शेंगदाणे, भाजलेले चणे, लिंबाचं लोणचं. मेतकूट आणि तुपाची बाटली न्याच. भूक मेलेली असते तेव्हा मऊ भात-मेतकूटच जातो. सरचूला पाणी साधारण ८६ अंशांना उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. स्वयंपाक्याकडे कुकर आहे का विचारा. हसतील, पण अर्धवट शिजलेल्या राजम्याने अख्खा तंबू जागा राहतो.

पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी सकाळी गोठते. घोट घेतला की फुंकर मारून नळीतलं पाणी परत आत ढकला.

---

खडीसाखर

आयोजक पटसेवला तयार झाला, अकरा दिवसांचा कार्यक्रम लेखी आला. दुसरी गाडी आणि दोन मोठे सिलिंडरही लिहून दिले, माणशी पैसे थोडे वाढले. हँगर मागवले. नवऱ्याच्या क्रँकला ३० ची चकती बसली. ‘वहिनींची सायकल सरस’ हे ऐकून तो दोन दिवस गप्प आहे.

शेवटचं: विमानाने नेताना काय सोडायचं? आणि नवे पॅड कधी बसवू?

---

पानापकड

सायकलच्या दुकानातून रिकामं खोकं आणा, ते फुकट देतात. सुटं करायचं: पुढचं चाक, पायडल, खोगीर दांड्यासह, हँडल (केबल न काढता बाजूला बांधून), दोन्ही डिस्क, आणि मागचा डिरेलर. डिरेलर हँगरवरून काढून फ्रेमच्या आत कापडात गुंडाळून बांधा. नाहीतर खोकं उजव्या बाजूला आपटलं की मागवलेला हँगर पहिल्याच दिवशी खर्ची पडेल. हायड्रॉलिक पॅडच्या मध्ये प्लास्टिकची फट-पट्टी किंवा घडी घातलेला जाड पुठ्ठा. चाक नसताना चुकून दांडी दाबली तर पिस्टन बाहेर येऊन बसतात. पुढच्या फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा तुकडा घाला. टायरमधली हवा कमी करा, पूर्ण काढू नका, रिमला आधार राहू दे. डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो: घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. जोर लावून उलटा आवळला जातो आणि मग मनालीत कुणाच्याच पान्याला दाद देत नाही.

स्प्रेचे डबे, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या घरी. चेनचं तेल छोट्या बाटलीत. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, खोक्यात सापडली तर खोकं उघडून काढतात. खोक्याचं माप आणि वजन तिकिटाबरोबरच विमान कंपनीला कळवा, परतीच्या लेह विमानासाठी वेगळं.

पॅड ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बसवा. डिस्क आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट लावू नका. मग सपाट रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसवरून चालण्याच्या वेगापर्यंत हळूहळू ब्रेक, पूर्ण न थांबता, चाक न अडवता. असं वीस वेळा पुढचा, वीस वेळा मागचा. पहिले आठ-दहा वेळा पकड येणार नाही, मग एकदम येते. त्यानंतर पसरणीचा उतार एकदा उतरून या, आणि खाली वाईत थांबून डिस्कचा वास घ्या. जळका वास असेल तर ब्रेक सतत धरून उतरताय. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा.